नवा लॅपटॉप घेण्याआधी एक पेनड्राइव्ह

गेल्या जूनमध्ये दर्यापूरकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलाने अमरावतीला बी.एस्सी.साठी नाव घातलेले. सोबत थोरल्या भावाचा आठ-नऊ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप. वडील म्हणाले, "सर, हा आता कामाचा नाई म्हंते पोट्टा. दिवाळीच्या आधी विंडोज बंद होनार म्हंते. नवा घ्याच लागते काय?"

मुलाचे म्हणणे निम्मे खरे होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर साधारणपणे नाहीच. पण यंत्र निकामी झालेले नव्हते. त्यात ४ जीबी रॅम होती, की-बोर्ड शाबूत होता, पडदा स्वच्छ होता.

मी खणातून एक पेनड्राइव्ह काढला. त्यावर लिनक्स मिंटची हलकी, म्हणजे एक्सएफसीई आवृत्ती चढवलेली होती. लॅपटॉप बंद केला, पेनड्राइव्ह लावला, सुरू करताना एफ-१२ ची कळ दाबून यंत्राला सांगितले, की आज हार्डडिस्कवरून उठू नकोस, पेनड्राइव्हवरून ऊठ. दोनेक मिनिटांत पडद्यावर डेस्कटॉप आला. मुलाने वायफाय जोडले, आवाज तपासला, कॅमेरा उघडून पाहिला. की-बोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट निवडून गावाचे नाव टंकले. हार्डडिस्कवरची एकही फाइल हलली नव्हती. पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले, तर जुने विंडोज जिथल्या तिथे.

वडिलांना मी एवढेच म्हटले, "काका, सहा महिने नवा घेऊ नका. पोराला यावर काम करू द्या." हा सल्ला केवळ पैसे वाचवण्यासाठी नव्हता. त्यामागचे खरे कारण सांगण्यासाठी हा लेख.

लिनक्स म्हणजे नेमके काय?

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जगाला कळवले. त्याने लिहिला तो गाभा, म्हणजे कर्नल. सिस्टीमसाठी लागणारी बाकीची बरीच अवजारे रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पात १९८४ पासून तयार होत होती. गाभा, अवजारे आणि रोजच्या वापराचे प्रोग्राम एकत्र बांधून जो संच दिला जातो त्याला डिस्ट्रिब्युशन, बोलीत 'डिस्ट्रो' म्हणतात. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा ही त्यातली नावे. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाची भारतीय डिस्ट्रो तयार केली आहे.

हे सगळे फुकट मिळते, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की ते उघडे असते. आतले कसे चालते हे विद्यार्थ्याला पाहता येते, बदलता येते, बिघडवून पुन्हा दुरुस्त करता येते. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे.

मिरगाचा पाऊस आणि पुण्यातले संगणक

वऱ्हाडात आपण सगळे जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसतो. पेरणी कधी करायची याचा अंदाज आज ज्या गणितातून येतो, ते गणित पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत, आयआयटीएममध्ये होते. तिथला 'अर्क' हा महासंगणक ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा आहे; सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. याच संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. ती सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत अंदाज देते. आधीची चौकट बारा किलोमीटरची होती.

असे महासंगणक लिनक्सवर चालतात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सखेरीज दुसरे काही उरलेलेच नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा शास्त्रज्ञ लिनक्सवरच तपासतात. एप्रिल २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या 'इंजेन्युइटी' हेलिकॉप्टरमध्येही लिनक्स होते.

विद्यार्थ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. फाइली कशा हलवायच्या, दूरच्या यंत्रात कसे शिरायचे, याच्या ज्या आज्ञा त्या महासंगणकावर लागतात, त्याच दर्यापूरच्या जुन्या लॅपटॉपवर चालतात. तिथल्या कामाची तालीम इथे घरी करता येते. पुण्या-मुंबईच्या मुलाला मिळते आणि आपल्या मुलाला मिळत नाही, असे यात काही नाही.

सहाशे तीस फाइली

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थिनीला अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या पावसाचा अभ्यास करायचा आहे. अमरावतीचे १४ तालुके, अकोल्याचे ७, मिळून २१. प्रत्येक तालुक्याची ३० वर्षांची रोजची नोंद, दर वर्षाची एक फाइल. झाल्या ६३० फाइली. प्रत्येकीतून जून ते सप्टेंबरची बेरीज काढून एका तक्त्यात मांडायची आहे. एक्सेलमध्ये एकेक फाइल उघडून केले आणि फाइलमागे दोन मिनिटे धरली, तरी १,२६० मिनिटे, म्हणजे सलग २१ तास. विसाव्या तासाला कुठली ओळ चुकली हे शोधायला आणखी दोन दिवस.

लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, हेच काम दहा-बारा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये बसते. अकोल्यात जिनिंग-प्रेसिंग पाहिलेल्या माणसाला त्याची रीत पटकन कळेल. जिनमध्ये सरकी वेगळी होते आणि रुई पुढे जाते. प्रेसमध्ये तिची गाठ बांधली जाते. प्रत्येक यंत्र एकच काम करते आणि माल पुढच्याच्या हवाली करते. टर्मिनलवर ही जोडणी एका उभ्या रेघेने होते, तिला 'पाइप' म्हणतात. पहिली आज्ञा फाइलीतून पावसाळ्याच्या ओळी निवडते, दुसरी त्यातला पावसाचा स्तंभ काढते, तिसरी बेरीज करते. 'फॉर' हा शब्द वापरून हीच साखळी ६३० फाइलींवर फिरवायची. चहा होईस्तोवर तक्ता तयार.

आणि वेळ वाचणे हा यातला लहान लाभ. उद्या मार्गदर्शक म्हणाले, "सप्टेंबर वगळून बघा," तर स्क्रिप्टमधला एक आकडा बदलायचा. उत्तर कसे आले हे कोणी विचारले तर स्क्रिप्ट पुढे ठेवायची. विज्ञानात उत्तराइतकीच उत्तराची वाट महत्त्वाची, आणि ही वाट इथे आपोआप लिहून राहते. मला विद्यार्थ्यांत रुजवायची आहे ती हीच सवय.

कोणत्या शाखेला काय उपयोग?

*कृषी :* अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना प्रयोगाचे आराखडे आणि विश्लेषण सुटत नाही. 'आर' ही संख्याशास्त्राची मोफत भाषा त्यासाठी जगभर वापरतात.

*भूगोल, भूगर्भशास्त्र, पर्यावरण :* क्यूजीआयएस हे नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर शिका. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दहा मीटर बारकाव्याच्या प्रतिमा फुकट मिळतात. वरुड-मोर्शीच्या संत्राबागा, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींची क्षारता, मेळघाटातले जंगल : प्रकल्पाला विषय शोधायला बाहेर जायला नको.

*जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, रसायन, भौतिकी :* जनुकांची तुलना, रेणूंची सिम्युलेशन, दुर्बिणीचा डेटा. यांतली मुख्य साधने मुळात युनिक्स-लिनक्ससाठी लिहिलेली आहेत. संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असोसिएट किंवा जेआरएफ म्हणून जाणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच टर्मिनल समोर येते.

*अभियांत्रिकी, बी.सी.ए., संगणकशास्त्र :* क्लाउड, डेव्हऑप्स, सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशन, सायबर सुरक्षा, एम्बेडेड. या सगळ्यांची जमीन लिनक्स आहे. रेड हॅटची आरएचसीएसए ही परीक्षा पर्याय निवडण्याची नसून प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवण्याची आहे, म्हणून तिला किंमत आहे. पदवीनंतर सी-सीएटी प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅकच्या पदव्युत्तर पदविकांनाही जाता येते.

*कला, वाणिज्य :* लिब्रेऑफिस, मराठी युनिकोड टंकलेखन आणि फाइलींची शिस्त एवढे आले तरी पुरे. डेटाकडे वळायचे असेल तर पायथन जोडा.

कुठे अडते, तेही सांगतो

ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, टॅली आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसची संगणकावर बसवायची आवृत्ती लिनक्सवर सरळ चालत नाही. स्थापत्य, यंत्र किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रम आधी पाहावा आणि गरज असेल तर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवावे. याला ड्युअल बूट म्हणतात. काही जुन्या वायफाय चिप आणि प्रिंटर ड्रायव्हरवाचून कुरकुर करतात. म्हणूनच आधी पेनड्राइव्हवरून तपासायचे, मग बसवायचे.

ड्युअल बूटच्या वेळी घाई करू नका. एकदा पार्टिशन निवडताना मी चुकीच्या ओळीवर क्लिक केले आणि घरातल्या लग्नाचे फोटो गेले ते गेलेच. तेव्हापासून नियम एकच : सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय डिस्कला हात लावायचा नाही. विंडोजमध्ये डिस्कला कुलूप घालणारे बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा.

सहा महिन्यांचा आराखडा

*पहिला महिना :* किमान आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मिंट किंवा उबुंटू त्यावर चढवा आणि रोजची कामे करा. ब्राउझर, पीडीएफ, मराठी टंकलेखन, कॉलेजच्या असाइनमेंट.

*दुसरा-तिसरा महिना :* टर्मिनल. रोज अर्धा तास. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे ध्वनिचित्र-पाठ मोफत आहेत. लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर आपले टर्मिनल, असे बघत-बघत करायचे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाचा लाभ लहान गावातल्या मुलांनी जरूर घ्यावा.

*चौथा-पाचवा महिना :* शाखेप्रमाणे एकच साधन. आर, पायथन, क्यूजीआयएस किंवा सर्व्हर. एकाच वेळी चार नकोत.

*सहावा महिना :* आपल्या तालुक्याच्या डेटावर एक लहान प्रकल्प पूर्ण करा आणि गिट वापरून इंटरनेटवर ठेवा. आयआयटी मुंबईच्याच फॉसी प्रकल्पाच्या फेलोशिपसाठी आधी एक काम करून दाखवावे लागते. सरावलेल्या विद्यार्थ्याला गावाचे नाव तिथे आड येत नाही.

पालकांसाठी तीन गोष्टी

पहिली, पडद्यावर काळी खिडकी आणि पांढरी अक्षरे दिसली की मूल भलतेच काही करते आहे असे समजू नका. शेजारी बसा आणि "हे काय केलंस, सांग बरं," असे विचारा. समजावून सांगता आले तर ते शिकले आहे.

दुसरी, "नोकरीची हमी" म्हणून मोठी फी मागणाऱ्या कोर्सला लगेच पैसे भरू नका. वरचे सहा महिने मुलाने टिकून केले आणि गोडी लागली, तर पुढचा खर्च सार्थकी लागेल. गोडी लागली नाही तर तेही फुकटात कळले.

तिसरी, मुलीलाही तेवढेच यंत्र आणि तेवढाच वेळ द्या. घरातला एकमेव लॅपटॉप भावाकडे आणि बहिणीकडे फोन, हे चित्र मी फार पाहतो. जुना लॅपटॉप मिंटवर जिवंत झाला की घरात दोन यंत्रे होतात.

दिवाळीच्या सुट्टीत ते दर्यापूरचे बाप-लेक पुन्हा आले. मुलाने आपल्या तालुक्याच्या पावसाचा आलेख काढला होता. दर वर्षाचा एक स्तंभ. मी मुलाला स्क्रिप्टबद्दल विचारत होतो, तेवढ्यात वडिलांनी पडद्याजवळ येऊन सगळ्यांत ठेंगण्या स्तंभावर बोट ठेवले. "हे साल मले आठवते," ते म्हणाले. "दोनदा पेरलं होतं." मुलाने वही काढली आणि त्या वर्षापुढे लिहिले : दुबार पेरणी. आकड्यांच्या फाइलीत ही नोंद नव्हती. त्याच्या प्रकल्पाचा पुढचा प्रश्न तिथे सुरू झाला, आणि नवा लॅपटॉप अजून घेतलेला नाही.