खाणीच्या गावचा डॉक्टर

विलायतेत वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे ग्लिनकोरग हे लहानसे गाव आहे. त्या काळी वस्ती दोन हजारांच्या आसपास होती. गावातले पुष्कळ पुरुष कोळशाच्या खाणीत राबायचे. १९६१ साली ज्युलियन ट्यूडर हार्ट हे डॉक्टर या गावात आले आणि तेथलेच झाले.

आपण आजारी पडलो की डॉक्टरकडे जातो. औषध घेतो, घरी येतो. पण जो दवाखान्याची पायरीच चढत नाही, त्याचे काय? हार्ट यांनी हाच प्रश्न हाती घेतला.

रक्ताच्या दाबाचेच पाहा. आपण त्याला बीपी म्हणतो. काळीज रक्त ढकलते. त्या रक्ताचा जोर शिरांवर पडतो, तोच हा दाब. तो वाढला तरी बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. माणूस कामाला जातो, जेवतो, झोपतो. आणि एके दिवशी अर्धे अंग लुळे पडते, नाहीतर हृदयाचा झटका येतो. घरचे म्हणतात, काल तर धडधाकट होता!

१९६८ साली हार्ट यांनी २० ते ६४ वर्षांच्या प्रत्येकाचा दाब मोजायला घेतला. कुणी खोकला घेऊन आला, तरी त्याचा दाब मोजायचा. नोंद ठेवायची. कोण राहिले ते शोधायचे. असे करीत जवळजवळ सारे गाव मोजून झाले. ज्यांचा दाब जास्त, त्यांना औषध दिले आणि पुन्हा पुन्हा तपासले. काम मोठे किचकट, पण चिकाटीने केले.

त्या देशात १९४८ पासून डॉक्टरला पैसे द्यावे लागत नाहीत. मग गरिबांची सोय झालीच असेल, असे आपल्याला वाटेल. हार्ट यांना उलटेच दिसले. जेथे आजार जास्त, तेथे डॉक्टरांवर कामाचा बोजा फार आणि साधने कमी. सुखवस्तू वस्तीत मात्र सोय चांगली. ज्याला गरज अधिक, त्याच्या वाट्याला सेवा कमी. हे त्यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात मांडले. औषधपाणी बाजाराच्या हाती दिले की हा अन्याय आणखी वाढतो, असेही सांगितले.

मधल्या काळात खाण बंद पडली. पुष्कळांचा रोजगार गेला. पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब १९९१ साली छापून आला. शेजारच्या गावी अशी तपासणी नव्हती. दोन गावे कधी अगदी सारखी नसतात, तेव्हा सगळे श्रेय एका गोष्टीला देऊ नये, असे आम्हांला वाटते. पण आकडा असा : वयाचा फरक जमेस धरून, पासष्टीच्या आत शेजारी १०० माणसे दगावली, तर ग्लिनकोरगला ७२.