फुरसत, सोबत आणि धीर



माणसाची तब्येत दवाखान्यात सुधारते, पण टिकते ती घरात, शेतात आणि चार माणसांत. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ मध्ये अमलात आली, तेव्हाच तिने आरोग्याच्या व्याख्येत शरीराबरोबर मन आणि सामाजिक स्वास्थ्य यांनाही स्थान दिले. धाराशिव जिल्ह्यात ही व्याख्या रोज अनुभवाला येते. घर पिकावर चालते, पीक पावसावर आणि पाऊस बेभरवशाचा. अशा ठिकाणी उपकेंद्रावर येणारा रोगी डोके जड झाल्याची, छातीत धडधडल्याची, झोप उडाल्याची तक्रार सांगतो. जिवाला लागलेला घोर त्या तक्रारीत दडलेला असतो. गावात नव्याने रुजू होणाऱ्या आरोग्यसेवकाने म्हणूनच फुरसत, सोबत आणि संकट सोसण्याची रीत या तीन गोष्टींकडे नाडी आणि रक्तदाबाइतकेच लक्ष द्यावे.

फुरसत म्हणजे आळस नव्हे. काळजी लागली की शरीर धोक्याच्या तयारीत राहते. हृदयाचे ठोके आणि रक्तातली साखर वाढते. ही तयारी घटकाभरासाठी उपयोगी असते. ती महिनोन्‌महिने टिकली तर झोप बिघडते, रक्तदाब चढतो आणि पचन ढासळते. त्या तयारीतून शरीराला बाहेर काढणारी वेळ म्हणजे फुरसत. मात्र फुरसतीतही फरक असतो. मोबाईलवर बोट फिरवत काढलेली रात्र आणि भजनात टाळ धरून काढलेली रात्र या सारख्या नसतात. पहिलीत माणूस एकटाच राहतो आणि झोप आणखी लांबते. दुसरीत श्वास, आवाज आणि हात चौघांच्या तालात येतात. संत गोरोबाकाकांच्या तेर गावापासून तुळजापूरच्या देवीच्या आराध्यांच्या मेळ्यांपर्यंत या जिल्ह्याला गाण्याची आणि एकत्र बसण्याची मोठी परंपरा आहे. आरोग्यसेवकाने तिला करमणूक समजून बाजूला ठेवू नये.

येळवस, म्हणजेच वेळा अमावस्या, हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला धाराशिव आणि लातूरकडची गावे रिकामी होऊन शिवारात जातात. कडब्याची कोप उभारतात, चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडून पूजा करतात. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील, तूर, हरभरा आणि वाटाण्याचे कोवळे दाणे घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे असा बेत असतो. ज्याला शेत नाही त्यालाही जेवायला बोलावतात, वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारतात. शहरात गेलेली मुले त्या दिवशी परततात. शेत एरवी कष्टाचे आणि कर्जाचे ठिकाण असते. येळवशीला तेच आनंदाचे ठिकाण होते. ऊन, चालणे, ताजे अन्न, नातलग आणि कामाला सुट्टी हे सगळे एका दिवसात जुळून येते. गेले वर्ष वाईट गेले म्हणून ज्या घराने येळवस केली नाही, त्या घराची चौकशी आरोग्यसेवकाने आवर्जून करावी. आवडीच्या गोष्टींतून अंग काढून घेणे हे उदासीनतेच्या आजाराचे एक ठळक लक्षण आहे.

त्या आजारावरचा एक उपायही याच वाटेने जातो. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेली एक चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रोग्यांना सहा ते आठ भेटींत आवडीच्या आणि अर्थपूर्ण कामांकडे पुन्हा हळूहळू वळवले. तीन महिन्यांनी अशा रोग्यांपैकी ६४ टक्के आजारातून सावरले होते. फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मन लागेल तेव्हा उठू, असे म्हणून आजारी माणूस पडून राहतो. उलट आधी उठावे, थोडे करावे, मग मन लागू लागते, हे या उपचाराचे सूत्र आहे.

फुरसतीची वाटणी मात्र सारखी नाही. देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटे जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. पारावर संध्याकाळी पुरुष बसतात, तेव्हा त्यांच्या घरी चूल पेटलेली असते आणि पाण्याची वाट पाहिली जात असते. थकवा, कंबरदुखी आणि चिडचिड घेऊन आलेल्या बाईला ‘आराम करा’ असे सांगून काही साधत नाही. आराम कोणाच्या मदतीने मिळेल, हे तिच्या सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून ठरवावे लागते.

सोबतीचे मोल या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन जाणले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात सुमारे ८,००० माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. नवी घरे भक्कम होती, रस्ते रुंद होते, पण जुन्या गावाची गल्ली, वाडा आणि ओसरी त्या आखणीत राहिली नाही. उंबऱ्यावरून हाक दिली की ओ देणारा शेजार लांब गेला. घर परत मिळाले तरी गाव परत मिळायला वेळ लागतो, हा त्यातला धडा. याच काळात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर शेकडो गावांतल्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. घरबांधणीची माहिती त्या लोकांपर्यंत नेत आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडत. शोक करणाऱ्या बाईला करण्याजोगे काम आणि सोबतीला माणसे मिळाली. पुढे बचत गटांचे जाळे वाढले, त्यामागे ही एकत्र येण्याची सवय होती.

शास्त्रानेही हेच मोजून पाहिले आहे. २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची अभ्यासकाळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक आढळली. सोबत असली की माणूस औषध वेळेवर घेतो, व्यसनावर कोणाची तरी नजर राहते, अडल्या वेळी उसने मिळते आणि दुःख बोलून हलके होते. पण गाव सर्वांना सारखेच जवळ करते असे नाही. जातीमुळे, वैधव्यामुळे किंवा कर्ज बुडाल्यामुळे ज्याला बैठकीत जागा नाही, त्याला हीच वस्ती जाच होते. ऐपत नसताना थाटाचे लग्न करायला लावणारेही हेच चार लोक असतात. आरोग्यसेवकाने पारावर कोण बसते हे पाहावे, आणि कोण कधीच येत नाही हे त्याहून बारकाईने पाहावे.

तिसरी गोष्ट म्हणजे संकट सोसण्याची रीत. रिचर्ड लॅझारस आणि सुसान फोकमन या अभ्यासकांनी १९८४ मध्ये तिच्या दोन मुख्य बाजू मांडल्या: अडचणीवर उपाय करणे आणि अडचणीने मनात उठलेले वादळ सांभाळणे. शेतकऱ्याला दोन्ही लागतात. बँकेत जाऊन कर्जाचे पुनर्गठन मागणे, पीक विम्याचा अर्ज भरणे, शेळ्या किंवा कोंबड्यांचा जोडधंदा धरणे ही पहिली बाजू. पाऊस पाडणे कोणाच्याच हाती नसते. तिथे दुसरी बाजू कामी येते. मित्राजवळ मन मोकळे करणे, वारी किंवा कोजागरीच्या पौर्णिमेला तुळजापूरची पायी वाट, नामस्मरण, गाणे, मनसोक्त रडणे हे सगळे तिच्यात मोडते. हाती असलेल्या गोष्टीसाठी केवळ देवावर हवाला ठेवणे आणि हाती नसलेल्या गोष्टीसाठी स्वतःला दोष देणे, या दोन्ही चुका माणसाला खचवतात. तिसरी चूक दारूची. दारूने झोप आल्यासारखी वाटते, पण ती तुटक असते; उदासी वाढते, पैसा जातो आणि घरातले माणूस दुरावते.

धीर देण्यालाही मर्यादा असते. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेली, बोलणे तुटलेले, जगण्यात अर्थ नसल्याची भाषा, व्यवहाराची अचानक आवराआवर अशी लक्षणे दिसली तर भजन आणि पार पुरत नाहीत. अशा माणसाला जीव द्यावासा वाटतो का, हे शांतपणे आणि स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे न ठेवता, घरातल्या विश्वासाच्या माणसासह जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे न्यावे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून देशभर सुरू आहे. तो उपकेंद्राच्या भिंतीवर ठळक लिहावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच मुळात धरले जाते. त्याला शिक्षेच्या नव्हे, उपचाराच्या वाटेने न्यायचे असते, हे घरच्यांनाही सांगावे. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या बळीराजा चेतना अभियानासाठी उस्मानाबाद आणि यवतमाळ हे जिल्हे निवडले गेले आणि शेतकऱ्याचे मन हा सरकारी कामाचा विषय ठरला. गावातल्या आशा स्वयंसेविका घरोघर जातात. कोणत्या घरात बोलणे बंद झाले आहे हे सर्वांत आधी त्यांना कळते. त्यांचे शब्द आरोग्यसेवकाने नोंदवहीतल्या आकड्यांइतकेच मोलाचे मानावेत.

या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून असतात. फुरसत नसेल तर सोबत जमत नाही, सोबत नसेल तर धीर टिकत नाही आणि धीर सुटलेल्याला फुरसतही खायला उठते. तिन्हींत सोबत आधी जुळवावी, कारण उरलेल्या दोन्ही तिच्या आधाराने येतात. गावात आल्यावर पहिल्या महिन्यात औषधांच्या साठ्याबरोबर भजनी मंडळ, बचत गट, तालीम, वाचनालय आणि पार यांचीही यादी करावी. खचलेल्या माणसाला गोळीसोबत त्यांपैकी एका ठिकाणी, ओळखीच्या कोणाबरोबर, ठरल्या वारी पाठवावे. आठवड्याने तो गेला का, याची विचारपूस करावी. दुष्काळ आणि कर्ज यांवर दवाखान्यात औषध नाही. पण ते सोसणारा माणूस एकटा पडू नये, एवढे काम आरोग्यसेवकाच्या हातात निश्चित असते आणि ते त्याने मनापासून करावे.