क्षीण संकेताचा शोध

शेताच्या शेवटच्या वाफ्यास पाणी पोंचत नाहीं, तेव्हां शहाणा शेतकरी त्या वाफ्यापाशीं बसून माती उकरीत नाहीं. तो विहिरीकडे जातो, पाटाच्या कडेनें चालूं लागतो, आणि पाणी कोठें झिरपतें तें पाहत पाहत खालीं येतो. हातानें जुळविलेल्या रेडिओयंत्राचा संकेत दुबळा निघूं लागला म्हणजे हीच रीत धरावी लागते. आम्हांस ती दोन ट्रान्झिस्टर जाळल्यावर कळली; वाचकांस ती विनामूल्य मिळावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हौशी रेडिओचालकास परवाना मिळाला म्हणजे स्वतःचें यंत्र स्वतः बांधण्याची मुभा असते. हैदराबादचे अशर फरहान यांनीं या शतकाच्या आरंभीं 'बिटएक्स' नांवाच्या यंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला. बोलणें व ऐकणें अशीं दोन्ही कामें करणारें हें यंत्र साध्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त भागांतून तयार होतें. त्याच धर्तीवर आम्हीं ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचें यंत्र जुळविलें. दूरचीं केंद्रें त्यावर स्पष्ट ऐकूं येत. परंतु आम्ही बोलूं लागलों कीं पांच वॅटांऐवजीं जेमतेम अर्धा वॅट बाहेर पडे. ही उणीव क्षुल्लक नव्हे. २००४ च्या डिसेंबरांत त्सुनामीच्या लाटा अंदमानावर आल्या, तेव्हां पोर्ट ब्लेअर येथें असलेल्या हौशी चालकांनीं तेथील निरोप मुख्य भूमीवर पोंचविले. अशा समयीं ज्याचा आवाज गोंगाटांत बुडतो, त्याचें यंत्र असून नसल्यासारखेंच.

आमची पहिली चूक अशी कीं, शक्ति कमी पडते म्हणजे दोष शेवटच्या शक्ति-ट्रान्झिस्टरांतच असला पाहिजे, असें आम्हीं गृहीत धरलें. तो 'आयआरएफ ५१०' जातीचा होता. आम्हीं तो बदलला. नवा घडीभरांत तापून जळाला. तिसराही त्याच वाटेनें गेला. कारण मागाहून समजलें. या जातीच्या ट्रान्झिस्टरांतून प्रवाह वाहूं लागण्यास गेटवर २ पासून ४ व्होल्टांपर्यंत दाब लागतो, आणि प्रत्येक नगाचा आंकडा निराळा असतो. पहिल्यासाठीं लावलेला दाब दुसऱ्यास अतिरिक्त झाला. म्हणून तो बदलतांच दाब अगदीं उतरवावा, संकेत बंद ठेवावा, आणि अँपिअरमापक पाहत विसाव्याचा प्रवाह हळूहळू सुमारें १०० मिलिअँपिअरपर्यंत चढवावा.

चौथा ट्रान्झिस्टर असा नीट बसला, तरी अर्धा वॅट कायम! तेव्हां कोठें आम्ही विहिरीकडे वळलों.

प्रथम तयारी सांगतों. अँटेना काढून तिच्या जागीं ५० ओहमांचा डमी लोड लावावा, म्हणजे चांचणीचा संकेत हवेंत जाऊन इतरांस त्रास होत नाहीं. मायक्रोफोनच्या जागीं १ किलोहर्ट्झचा स्थिर सूर द्यावा. तो थोड्याच मिलिव्होल्टांचा असावा, नाहींतर पहिलीच पायरी गुदमरते. मापनास ऑसिलोस्कोप घ्यावा व त्याची शलाका दहापटीच्या खुणेवर ठेवावी. एकपटीच्या खुणेवर ती मंडलावर भार टाकते व ७ मेगाहर्ट्झचा संकेत खोटा लहान दाखविते. डमी लोडवर लहरीच्या शिखरापासून तळापर्यंतचे व्होल्ट मोजावे, त्यांचा वर्ग करून ४०० नें भागावें, म्हणजे वॅट मिळतात. आमचे व्होल्ट १४ भरले. वर्ग १९६, म्हणजे सुमारें अर्धा वॅट. पांच वॅटांस ४५ व्होल्ट हवेत. सारांश, शक्ति दहापट घटली असली तरी व्होल्ट तीनपटींहून किंचितच अधिक घटले होते. तेव्हां शोधावयाची होती ती कोठें तरी झालेली ही तीनपट घट.

आतां पाटाचा मार्ग पाहूं. आवाज प्रथम लहान वर्धकांत मोठा होतो. मॉड्युलेटरमध्यें तो वाहक लहरीशीं मिसळतो. स्फटिकांची गाळणी त्यांतील एकच बाजू पुढें जाऊं देते. मग मिश्रकांत तो ७ मेगाहर्ट्झवर येतो, पट्ट्याच्या गाळणींतून शुद्ध होतो, आणि प्रि-ड्रायव्हर, ड्रायव्हर व शक्ति-ट्रान्झिस्टर अशा तीन पायऱ्या चढून बाहेर पडतो. या यंत्रांत गाळण्या, मिश्रक व आंदोलक हे ऐकण्याच्याही कामीं येतात. ऐकणें उत्तम होतें, म्हणून त्यांवरील संशय बराच कमी झाला. उरले ते केवळ बोलतांना चालणारे वर्धक.

वहींत रकाने आंखून आम्हीं प्रत्येक पायरीचें माप लिहिलें. पट्ट्याच्या गाळणीनंतर ६० मिलिव्होल्ट मिळाले. प्रि-ड्रायव्हरनंतर ११०. त्यापुढचा ड्रायव्हर त्याच बांधणीचा. तो मात्र संकेत सहापट करीत होता. पहिल्यानेंही ३५० च्या जवळपास द्यावयास हवे होते. हरवलेली तीनपट येथेंच होती.

परंतु त्या ट्रान्झिस्टरचे एकदिश व्होल्ट मोजले, तर ते सर्व यथायोग्य! येथें बहुतेक जण फसतात. एमिटर व जमीन यांच्यामध्यें १० व २७ ओहमांचे दोन रोध एकापुढें एक होते, आणि २७ ओहमांच्या रोधास समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा धारक होता. ७ मेगाहर्ट्झच्या संकेतास तो धारक पाव ओहमाहूनही कमी अडथळा करतो, म्हणून संकेत २७ ओहम टाळून सरळ जमिनीस मिळतो. ट्रान्झिस्टरचे स्वतःचे सुमारें २ ओहम धरले, तर संकेतास एकूण १२ ओहमच आडवे येतात. धारक तुटला तर ३९ येतात, आणि वाढ सव्वातीनपट कमी होते. एकदिश प्रवाह मात्र धारकांतून कधीं जातच नाहीं. म्हणून धारक असो वा नसो, त्याचें माप तेंच राहतें.

भिंगानें पाहिलें, तों धारकाच्या एका पायाचा सोल्डरचा सांधा निस्तेज व भेगाळलेला होता. तापलेलें लोखंड क्षणभर टेकविलें. सोल्डर चकाकून बसलें. प्रि-ड्रायव्हरनंतर ३५० मिलिव्होल्ट आले, डमी लोडवर ४४ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ पांच वॅट. तो सांधा आमच्यापैकींच एकानें घाईनें दिला होता. आणि निरपराध ट्रान्झिस्टरांनीं त्याची शिक्षा भोगली होती.

दोष जेथें दिसतो तेथेंच तो जन्मतो असें नाहीं. शेवटची पायरी केवळ मागल्यांची उणीव उघडी करते. म्हणून यंत्र चांगलें चालत असतांनाच प्रत्येक पायरीचें माप लिहून ठेवावें. आजारपणीं तेंच वैद्याच्या उपयोगीं पडतें. आणि कोणा भागास, किंवा कोणा माणसासही, दोष देण्यापूर्वीं एकदां उगमापासून चालत यावें. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आतां एकच वाक्य लिहिलें आहे: आधीं मोजा, मग बदला.