बॅट न फिरवता मिळालेला बेस

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात आहे. परवाच्या सामन्यात ती दोनदा बॅट न फिरवताच पहिल्या बेसवर गेली. घरी आली ती रडवेली होऊनच. म्हणाली, ‘मी काही केलंच नाही, फुकट मिळालं.’ अशा ‘वॉक’ला खेळात किंमत असते का? एका हंगामात सगळ्यात जास्त वॉक कोणी मिळवलेत?
– एक पालक, घाटंजी (जि. यवतमाळ)

उत्तर : लेकीला आधी शाबासकी द्या. फुकट काही मिळालेलं नाही.

होम प्लेट 17 इंच रुंद. तेवढ्या रुंदीत, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात चेंडू आला नाही आणि बॅटही फिरली नाही, तर अंपायर ‘बॉल’ म्हणतो. असे चार झाले की पहिला बेस. सॉफ्टबॉलमध्येही हेच, बेसबॉलमध्येही हेच. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचर साडेसाठ फुटांवर असतो आणि वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. तोवर पुढचा पाय टेकलेला असतो, कंबर वळायला लागलेली असते, आणि मनगटं तिथल्या तिथे आवरायची असतात. कापूस वेचणारीचा हात कच्च्या बोंडावर थांबत नाही, पुढे सरकतो. नजर तशी तयार व्हावी लागते. क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडला की आपण वाहवा करतो, पण धावफलक हलत नाही. इथे बेस मिळतो.

तरी ही किंमत कळायला वेळ लागला. 1879मध्ये वॉकसाठी नऊ ‘बॉल’ लागत, चारचा नियम 1889चा. मधल्या 1887 या एकाच हंगामात वॉक चक्क ‘हिट’ म्हणून मोजले गेले. फलंदाज किती वेळा बेसवर पोचतो याची टक्केवारी अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये अधिकृत झाली ती थेट 1984मध्ये. एडी योस्ट त्याच्या आधीचा. वॉशिंग्टनच्या या खेळाडूला लोक ‘चालणारा माणूस’ म्हणत. 1956मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी होती अवघी .231, पण वॉक 151. त्या वर्षी शंभरातल्या 41 वेळा तो बेसवर पोचला! नुसती सरासरी पाहणाऱ्याला तो सामान्य वाटला असता.

विक्रम मात्र बॅरी बाँड्सचा. 2004मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून 232 वॉक. त्याआधी बेब रूथचा 1923चा 170 वॉकचा विक्रम 78 वर्षं टिकला होता. तो बाँड्सनेच 2001मध्ये 177 करून मोडला, 2002मध्ये 198वर नेला. या 232पैकी 120 वॉक समोरच्या संघाने जाणूनबुजून दिले; याला मारू देण्यापेक्षा बेस दिलेला बरा, हा हिशोब. त्या हंगामात तो 617 वेळा प्लेटवर आला आणि शंभरातल्या 61 वेळा बेसवर पोचला. त्याच्या या वर्षांवर उत्तेजकांच्या आरोपांचं सावट आहे, हे मुलीलाही सांगावं. पण चेंडू ओळखण्याची त्याची नजर फार आधीपासूनची होती, असं मला ठामपणे वाटतं.

धास्ती किती असावी? 28 मे 1998. जायंट्सविरुद्ध अ‍ॅरिझोनाचा संघ 8-6ने पुढे, नववी इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. अशा वेळी वॉक दिला की धाव आपोआप जाते. तरी प्रशिक्षक बक शोवॉल्टरने बाँड्सला वॉक दिला. 8-7 झालं. पुढच्या फलंदाजाचा झेल गेला आणि अ‍ॅरिझोना जिंकली.

आज हे काम डोळ्यांत भरेल असं करतो तो हुआन सोटो. 2021मध्ये त्याने 145 वॉक मिळवले. चेंडू सोडताना तो चेंडू कॅचरच्या हातमोज्यात शिरेपर्यंत मान वळवून बघत राहतो. लेकीला त्याचे व्हिडिओ दाखवा. आणि पुढच्या सामन्याला गेलात, की तिच्या बॅटकडे पाहू नका, मान कुठवर वळते ते बघा.