घटक ५ : सहेतुक प्रवासाचे वर्णन

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• पर्यटन व सहेतुक प्रवास यांतील फरक सांगता येईल.
• वर्णनात हेतू, निसर्ग आणि सहप्रवासी यांची सांगड घालता येईल.
• आपल्या परिसरातील प्रवासावर लेखन करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णन म्हटले की आपल्या मनात दूरदेश येतो. परंतु भोसरी, मोशी, चाकण हा आपला रोजचा रस्ताही लेखनाचा विषय होऊ शकतो. या औद्योगिक पट्ट्यालगतच्या देहूत सहेतुक प्रवासाची मोठी परंपरा आहे. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये वडिलांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली, असे परंपरा सांगते. आजही देहू सोडल्यावर ती पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. पावसाळ्याचे दिवस, लांबची वाट, वडिलांची सोबत आणि स्वतःपलीकडचा हेतू : या चार गोष्टी ज्या प्रवासात एकत्र येतात, त्याचे लेखन कसे करावे, हे आपण पाहू.

५.३ विषय-विवेचन

अभ्यासासाठी एक प्रसंग कल्पू या. भोसरीतील एक तरुणी संगमनेर तालुक्यातील एका शाळेच्या ग्रंथालयासाठी निधी जमवते आणि तो पोहोचवण्यासाठी निवृत्त कामगार असलेल्या वडिलांबरोबर सायकलने निघते. वाट चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा अशी आहे. महिना आषाढाचा आहे.

५.३.१ हेतू

हेतू उदात्त असला की लेखक विशेषणांच्या आहारी जातो. बाबा आमटे यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंतचे ‘भारत जोडो’ अभियान सुरू केले. त्यात तरुण सायकलींवर होते. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बसणे अशक्य झालेले बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत जात. एवढे सांगितल्यावर ‘असामान्य जिद्द’ हे शब्द लिहिण्याची गरज उरत नाही.

मदतीच्या प्रवासात आणखी एक धोका असतो. देणारा मोठा आणि घेणारा लहान होऊन बसतो. आपल्या प्रसंगातील शाळेत पोहोचल्यावर मुलांच्या चेहऱ्यांवरील आनंदाचे वर्णन करून थांबू नये. किती निधी जमला, हे आकड्यात सांगावे; कोणती पुस्तके हवीत, हे मुलांना सांगू द्यावे. एखाद्या मुलाने दिलेल्या यादीवर हरकत घेतली, तर ती हरकत लेखात अवश्य यावी. तिच्यामुळे त्या मुलाला स्वतःचे मत मिळते.

५.३.२ पाऊस

पुढील दोन वाक्ये पाहा.

(अ) धो धो पाऊस कोसळत होता, तरीही आम्ही जिद्दीने पुढे जात होतो.

(आ) मोशीजवळ इंद्रायणीचा पूल ओलांडताना ब्रेक दाबला, तरी चाक लगेच थांबेना. बाबांनी मागे न पाहता हात वर करून मला अंतर ठेवायला सांगितले.

पहिले वाक्य कोणत्याही गावाला लागू पडते. दुसऱ्यात स्थळ आहे, यंत्र आहे आणि नाते आहे. ओल्या रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत ब्रेकचे रबर पकड घेत नाही. हे ज्ञान वडिलांच्या हाताच्या खुणेत आले आहे. चाकणकडे नव्या मोटारी वाहून नेणारे ट्रेलर चाकांनी उडवतात तो चिखलाचा फवारा, खड्ड्याची खोली लपवणारे साचलेले पाणी, हे या पट्ट्यातील पावसाचे खास रूप होय.

माहिती देतानाही निवड हवी. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्तेखानाच्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळा यांनी चाकणचा किल्ला सुमारे दोन महिने लढवला. हा उल्लेख पावसाशी जोडला तर लेखात शोभतो. निव्वळ गाव आले म्हणून केला तर तो मार्गदर्शिकेतील नोंद ठरतो.

५.३.३ सहप्रवासी

वडिलांचे चित्रण करताना कृतज्ञतेचे भाषण टाळावे. वस्तू बोलू द्याव्यात. वडिलांच्या जुन्या सायकलीला मडगार्ड, स्टँड आणि डबा अडकवायचे कॅरिअर आहे. मुलीची सायकल हलकी व गिअरची आहे, पण मडगार्ड नसल्याने तिची पाठ चिखलाने भरते. वडिलांनी पाळी गाठण्यासाठी वर्षानुवर्षे पावसात सायकल चालवली, कारण दुसरे वाहन नव्हते. मुलगी ती आपल्या इच्छेने चालवते आहे. एकाच वाहनाचे हे दोन अर्थ या लेखाचा गाभा होत. ‘तेव्हा भिजलो तर पगार मिळायचा, आता भिजायला लोक वर्गणी देतात,’ असे वडील खेडच्या घाटात सहज म्हणाले, तर त्या वाक्यावर लेखिकेने भाष्य करू नये. चढावर कोण आधी उतरले आणि दुसऱ्याने काय केले, एवढे पुढे लिहावे.

५.४ सारांश

सहेतुक प्रवासाच्या वर्णनात हेतू तपशिलातून, पाऊस स्थळातून आणि नाते कृतीतून प्रकट व्हावे. ज्यांच्यासाठी प्रवास केला, त्यांचा मान लेखनात राखला जावा. आपण कष्टाने ओळखलेला रस्ता हे लेखक म्हणून आपले भांडवल आहे.

५.५ स्वाध्याय

१. वरील (अ) आणि (आ) या वाक्यांची तुलना करा.
२. ‘मदत घेणाऱ्याला लेखात स्वतःचे मत हवे’ या विधानाची चर्चा करा.
३. आई किंवा वडिलांबरोबर पावसात केलेल्या एखाद्या प्रवासाचे वर्णन सुमारे ३०० शब्दांत करा. ‘जिद्द’, ‘प्रेरणा’ व ‘अविस्मरणीय’ हे शब्द वापरू नका.