पासिंगला गाडी नापास का होते?

मैत्रिणींनो, गटाच्या कर्जातून रिक्षा किंवा टेम्पो घेतला की आपण दोन तारखा पाठ करतो, एक हप्त्याची आणि दुसरी विम्याची. तिसरी तारीख पासिंगची. ती मात्र “घरच्या माणसाला ठाऊक असेल” म्हणून सोडून देतो. पण पासिंग संपलं आणि गाडी दारात उभी राहिली, तरी हप्ता काही थांबत नाही. म्हणून या वेळच्या पाठात हीच तारीख घेतली आहे.

पासिंग म्हणजे गाडीचं योग्यता प्रमाणपत्र, ज्याला आपण फिटनेसही म्हणतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५६ असं सांगतं की धंद्याच्या गाडीकडे हे प्रमाणपत्र नसेल तर तिची नोंदणीच वैध धरली जात नाही. आरसी हातात असली तरी उपयोग नाही. पकडली तर पहिल्या वेळी कायद्याने २ ते ५ हजारांपर्यंत दंड. त्याहून मोठी भीती अपघाताची. फिटनेस नव्हतं हे कारण पुढे करून विमा कंपनी हात वर करायला बघते, आणि मग कोर्टाच्या पायऱ्या आपल्याच नशिबी.

नव्या रिक्षा-टेम्पोला पहिली २ वर्षं मिळतात. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी पासिंग, आणि त्यानंतर दर वर्षी. सेकंडहँड गाडी घेताना हे वय आधी बघा. घरच्या वापराच्या, पांढऱ्या पाटीच्या कारचं वेगळं आहे, तिला १५ वर्षांनंतर तपासणी लागते आणि मग दर ५ वर्षांनी.

आता नापास का होते ते. पुष्कळांना वाटतं इंजिन चांगलं आहे, गाडी पळते, मग काय अडचण? पण गाडी अडकते ती बहुधा इंजिनावर नाही. दिवे, ब्रेक, टायर, गंज आणि कागद, यांवर अडकते.

दांड्यात गंज हा पहिला शत्रू. ससून डॉकहून किंवा भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणताना क्रेटमधून बर्फाचं पाणी गळतं, त्यात मीठ असतं. ते हौद्याच्या पत्र्याच्या सांध्यांत झिरपतं, खाली चेसिसवर आणि ब्रेकच्या पाइपांवर उतरतं. वरून समुद्राचा वारा आहेच. बाहेरून धुतलेली गाडी चकचकीत दिसते, पण खालून पत्रा पापडासारखा झालेला असतो. त्यावर घाईघाईत रंग मारून नेलं तर तपासणाऱ्याला ते लगेच कळतं. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्डिंग करून घ्यावा लागतो, आणि ते काम आदल्या दिवशी होत नाही. चेसिस नंबरही गंजाने बुजतो. पासिंगला तो नंबर कागदाशी जुळवून बघतात. वाचताच आला नाही तर गाडी तिथेच अडली. नंबरची जागा साफ करून वर थोडं ग्रीस लावून ठेवा.

दिव्यांचा प्रश्नही याच मिठाचा आहे. हेडलाइट मंद, इंडिकेटर कधी पेटतो कधी नाही, म्हणून आपण बल्ब बदलतो, तरी तेच. बल्बची एक वायर गाडीच्या पत्र्याला नटाने कसलेली असते, तिला अर्थिंग म्हणतात. तो नट गंजला की करंट नीट जात नाही. पॉलिश पेपरने ती जागा घासून नट परत कसला की तोच बल्ब लख्ख पेटतो. नव्या बल्बचे पैसे देण्याआधी मेकॅनिकला एवढं विचारा.

यावर उपाय साधा आहे, कंटाळवाणा आहे. खेप झाली की गोड्या पाण्याने हौदा आणि गाडीची खालची बाजू धुवायची. पाणी बाहेर जायची भोकं खवल्यांनी बुजलेली असतात, ती मोकळी करायची. आपल्याकडे पाण्याची मारामार आहे हे मला कळतं, पण दोन बादल्या इथे वाचवल्या तर पुढे वेल्डरला द्याव्या लागतात.

ब्रेक नुसते बघून पास होत नाहीत. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आरटीओंना किमान २५० मीटरचा चाचणी ट्रॅक करायला सांगितलं, तो याचसाठी. गाडी चालवून ब्रेक मारून बघायचा. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हँडब्रेकवर चढणीला थांबते का, चाकाच्या आतून ऑइल गळतं का, हे आठवडाभर आधी पाहून घ्या. टायरची नक्षी रिक्षाला किमान ०.८ मिलिमीटर आणि टेम्पोला १.६ मिलिमीटर खोल हवी. हौद्याला वाढीव फाळके, जादा दिवे, कर्कश हॉर्न लावले असतील तर काढून जा.

रिक्षावाल्या घरांसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. सीएनजीच्या सिलिंडरची चाचणी दर ३ वर्षांनी करावी लागते. त्यासाठी सिलिंडर उतरवतात, म्हणजे त्या दिवसांची कमाई बुडते, ते धरून चला. दुसरं मीटर. १ फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं. मीटर नव्या दराचं आणि सील शाबूत हवं.

कागदांत विमा, पीयूसी, कर, रिक्षाचं परमिट आणि थकलेली चलनं बघा. बीएस-४ आणि पुढच्या गाडीची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाडीची ६ महिने. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंद झालेल्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट बसवून घ्या. आणि आरसीला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे? सेकंडहँड गाडीत तो जुन्या मालकाचा राहून जातो. मग अपॉइंटमेंट घ्यायला बसलं की ओटीपी जातो भलतीकडेच.

एवढं करूनही नापास झालीच, तर “साहेब नाही म्हणाले” एवढं ऐकून एजंटला पैसे मोजू नका. प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं, हे त्याच कलम ५६ मध्ये लिहिलेलं आहे. तो कागद मागा. त्यात लिहिलंय तेवढंच काम मेकॅनिककडून करून घ्या आणि परत जा. मुदत संपू देऊ नका. केंद्राच्या नियमांत उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा शुल्क आहे. २०२४ मध्ये त्यावरून आपल्याकडे रिक्षा संघटनांनी आंदोलन केलं होतं.

पुढच्या मासिक बैठकीला गाडीचं कर्ज असलेल्या ताईंनी आरसी आणि फिटनेसचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन यावा. कर्ज रजिस्टरमध्ये हप्त्याच्या रकान्याशेजारी पासिंगची तारीख लिहू, आणि त्या तारखेच्या महिनाभर आधी गटाच्या सचिवताई आठवण करतील.