अन्नाची उपलब्धता आणि कुटुंबाची खरेदी : चेन्नईचे उदाहरण

रोम येथे १९९६ साली झालेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेच्या व्याख्येत अन्न मिळवण्याच्या आर्थिक क्षमतेबरोबरच भौतिक क्षमतेचाही समावेश केला. विद्यार्थी बहुधा उत्पन्न व किंमत या आर्थिक बाजूचाच विचार करतात. अंतर आणि वेळ हीदेखील एक किंमतच असते, हे चेन्नईच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

चेन्नई शहरातील झोपडपट्ट्यांमधील हजारो कुटुंबांचे २००० सालापासून दक्षिणेकडील कण्णगी नगर, सेम्मनचेरी व पुढे पेरुंबाक्कम येथे पुनर्वसन करण्यात आले. पक्के घर मिळाले. परंतु जुना रोजगार आणि जुना बाजार दूर गेला.

तमिळनाडूतील शिधावाटप व्यवस्था सार्वत्रिक असून जून २०११ पासून तांदूळ मोफत मिळतो. त्यामुळे पोट भरण्याचा प्रश्न बराच सुटतो. भाजी, फळे, दूध व अंडी मात्र बाजारातूनच घ्यावी लागतात. अंतराचा भार पडतो तो नेमका या नाशवंत, पण पोषक पदार्थांवर. रोजंदारीवरील कुटुंब जवळच्या दुकानातून रोज थोडे थोडे घेते व दर एककामागे अधिक पैसे मोजते.

मे २०२१ मध्ये तमिळनाडूत साध्या बसगाड्यांतून महिलांना मोफत प्रवास सुरू झाला. भाडे वाचले, तरी प्रवासाचे तास वाचले नाहीत. संध्याकाळी उशिरा परतणारी स्त्री गाड्यावरचा परोटा किंवा झटपट नूडल्स घेते, तेव्हा ती अविचार करत नसते. वेळ व इंधन यांचा संधी-व्यय जमेस धरता तो पर्याय तिला स्वस्त पडतो. आरोग्याची किंमत मात्र या हिशेबात येत नाही.

चेन्नई महानगरपालिकेने २०१३ मध्ये सुरू केलेली ‘अम्मा उणवगम’ उपाहारगृहे या दृष्टीने उल्लेखनीय ठरतात. तेथे इडली १ रुपयास, तर सांबार-भात ५ रुपयांस मिळू लागला. गाड्यावरील खाद्याइतकाच वेळ वाचवणारा, पण स्वस्त व सात्त्विक पर्याय त्यातून उभा राहिला.

तथापि, केवळ दुकान जवळ आणल्याने आहार सुधारतो असे नाही. अमेरिकेतील २०१९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात, वस्तीत नवे सुपरमार्केट आल्यानंतरही तेथील कुटुंबांच्या खरेदीत फारसा फरक आढळला नाही. उत्पन्न, शिक्षण व सवयी यांचाही प्रभाव असतो. भारतातही २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ११ टक्के खर्च पेये व प्रक्रियायुक्त अन्न यांवर होतो.

तात्पर्य, घराचे पुनर्वसन करताना बाजार, रोजगार व वेळ यांचेही पुनर्वसन व्हावयास हवे. अन्नसुरक्षेचे मोजमाप केवळ गोदामातील साठ्यावरून नव्हे, तर घरातील ताटावरून व्हावे.